गुळवेलीला नाव सांगावं लागतं

चंद्रपूर-गडचिरोलीला जाऊन आलो म्हटलं की कराडातली माणसं पहिल्यांदा विचारतात, "वाघ दिसला का?" नाही दिसला. दुसरा प्रश्न आवाज खाली आणून विचारतात, त्याचंही उत्तर नाही असंच आहे. आम्ही गुळवेल आणायला गेलो होतो. हे सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. गुळवेल काय, कुठल्याही कुंपणावर असते, तेवढ्यासाठी महाराष्ट्र आडवा कापून जायचं? शेजारच्या जोशीकाकू तर म्हणाल्या, "मला सांगायचं, माझ्या भाचीच्या गच्चीवर आहे."

म्हणून जरा बैजवार लिहिते. म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको.

आमचे हे वैद्य आहेत. पेठेत दवाखाना आहे, तो आधी सासऱ्यांचा होता. औषधं बरीचशी घरीच होतात, म्हणजे हे सांगतात आणि पातेली मी घासते. गुळवेल आमच्याकडे मिठासारखी रोज वापरावी लागते. पानं विड्याच्या पानासारखी. खोडावरची साल इतकी पातळ की नखानं कागदासारखी निघते आणि आत हिरवंगार असतं. खोड आडवं कापलं की बैलगाडीच्या चाकासारखी नक्षी दिसते. जुन्या तापाला, अशक्तपणाला वैद्य लोक ती देतात, आणि कडुनिंबावर चढलेली असेल तर जास्त मानतात. चवीला कडू. नावात गूळ कुणी घातला कोण जाणे, घालणाऱ्यानं चाखली नसणार.

आमच्या अंगणातल्या कडुनिंबावर चांगली मनगटाएवढी वेल होती. साथीच्या दिवसांत लोकांनी ती मुळासकट नेली. कुणी विचारून, कुणी न विचारता. त्यातले दोघे पुढं आमच्याकडेच ताप घेऊन आले आणि तक्रार करू लागले की काढ्याचा काही उपयोग झाला नाही. तेव्हापासून आम्ही व्यापाऱ्याकडून माल घेतो आणि तेव्हापासून मालाचा भरवसा नाही.

आता मुख्य गोष्ट. ह्यांच्या घराण्याची पद्धत अशी की कुठलाही काढा आधी वैद्यानं चमचाभर चाखायचा, मगच पेशंटला द्यायचा. कितपत उतरलाय, वेल जुनी की ताजी, हे जीभ सांगते. ह्यांच्या जिभेची कराडात ख्याती होती. लग्नकार्यात आचारी ह्यांना आधी आमटी दाखवायचे. त्या साथीत ह्यांना ताप आला आणि चव गेली. सगळ्यांची गेली होती, सगळ्यांची परत आली. ह्यांची आली नाही.

हे त्यांनी मला सांगितलं नाही. मला कळलं ते चहामुळं. एके सकाळी गडबडीत साखरेऐवजी मीठ पडलं. हे कप संपवून म्हणाले, "आज चहा फक्कड जमलाय." आत जाऊन मी माझ्या कपातला एक घोट घेतला आणि ओट्याला धरून रडले. दुसऱ्या दिवशी मुद्दाम मीठ घातलं. तेव्हाही फक्कडच.

मी विचारलं नाही. ज्या माणसाला गाव त्याच्या जिभेवरनं ओळखतं त्याला "अहो, तुमची जीभ गेली का" असं कुठल्या तोंडानं विचारायचं? हे चमचा चाखून "ठीक" म्हणायचे, बाहेर जायचे, की मी आत चाखायची. गडबड वाटली तर पातेलं सांडायची. इतकी पातेली सांडली की ह्यांनी माझ्या मनगटांना तेल सुरू केलं. रोज रात्री चोळून देत होते. मी मुकाट्यानं चोळून घेत होते.

अशात ह्यांच्या डोक्यात आलं की व्यापारी नको, आपण स्वतः जंगलात जाऊन वर्षाचा माल निवडून आणू. पातेलं सांडता येतं, पोतं नाही. चार माणसांत हे जीभ लावून भलताच माल पसंत करणार, आणि एक तर तो औषध म्हणून लोकांच्या पोटात जाणार, नाही तर तिथंच सगळं उघडं पडणार. उघडं पडलं तर दवाखाना संपला, आणि दवाखान्याशिवाय हे दोन महिनेसुद्धा काढणार नाहीत. "मीही येते," म्हटलं. "तुला कशाला उन्हाचा त्रास?" म्हणाले. "मला जंगल बघायचंय," म्हटलं. मला जंगलाची काडीची आवड नाही.

ब्रह्मपुरी

आमच्या वरच्या मजल्यावर शीतल रामटेके म्हणून मुलगी भाड्यानं राहते, बँकेत आहे. तिचे वडील ब्रह्मपुरीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. तीच म्हणाली, बाबांकडे उतरा, ते सगळं दाखवतील.

रामटेके सर फाटकातच उभे होते. "या जी, या. लय लांबून आले. तरास झाला असंन." माझ्या हातातली पिशवी घेतली आणि वजन बघून म्हणाले, "बाई, जेवन घेऊन आल्या का?" मी आणलंच होतं. परक्या ठिकाणी काय मिळेल सांगता येतं का?

दिवाणखान्यात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली पुस्तकांची दोन कपाटं, आणि उरलेल्या भिंतींना दाबून वाळवलेल्या पानांच्या काचा. देव्हारा नाही. मला सवयीनं हात जोडायला जागा सापडेना, तेव्हा दोन्ही फोटोंना जोडले. सुलोचनाबाई, म्हणजे सरांच्या पत्नी, हसल्या. "जोडा जी, काई हरकत नाई."

जेवायला भात. आमच्याकडे भात शेवटी मूठभर असतो, इथं भातापासून सुरुवात, आणि भाताबरोबर तोंडी लावायला तांदळाचेच आयते, म्हणजे आपल्या घावनांसारखे. लाखोळीची डाळ, वांगी, जवसाची चटणी. सुलोचनाबाई म्हणाल्या, "भाजीत सांबार टाकला हाय." मी ताटात सांबार शोधत बसले. इकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात. ह्यांनी सगळ्याला एकच शेरा दिला, "झणझणीत." तिखट तेवढं त्यांना अजून लागतं, जीभ चावतं ना ते. त्यामुळं हल्ली ह्यांची सगळी तारीफ तिखटाचीच असते.

जेवणानंतर अंबाडीचं सरबत आलं, लालभडक. ह्यांनी एका दमात ग्लास रिकामा केला. "वा! गोडवा अगदी बेताचा." तेवढ्यात रामटेके सरांनी घोट घेतला आणि त्यांचा चेहरा चिंच खाल्लेल्या पोरासारखा झाला. "अवं, साखर टाकली का नाई?" सुलोचनाबाईंनी कपाळाला हात लावला. "अगे बाई, राह्यलीच जी!"

सगळे ह्यांच्या रिकाम्या ग्लासकडं बघू लागले. मी पटकन माझा ग्लास उचलला. "आमच्याकडे असंच पितात," म्हटलं आणि डोळे मिटून घटाघटा प्यायले. दात आंबले. घसा आत ओढला गेला. त्या माउलीनं पुढं आम्ही असेपर्यंत आम्हाला आठवणीनं बिनसाखरेचंच सरबत दिलं. पाहुण्याची आवड जपणारी माणसं ती, त्यांना काय म्हणणार.

रामटेके सर मात्र त्या दिवसापासून ह्यांच्याकडं जरा निरखून बघायला लागले असं मला वाटलं.

वैनगंगेपलीकडं

दुसऱ्या दिवशी सरांच्या गाडीनं निघालो. सर गाडी कॉलेजात तास घेतल्यासारखी चालवतात, सावकाश आणि मधे मधे थांबून. वैनगंगा ओलांडली. नदी मोठी, पाणी कडेकडेनं. धान कापलेल्या बांध्या, म्हणजे आपली भातखाचरं, कोरड्या पडल्या होत्या आणि त्यात म्हशी उगाच उभ्या होत्या. पुढं जंगल लागलं. मला वाटलं होतं जंगल म्हणजे हिरवं असतं. हे करड्या रंगाचं होतं. सागानं पानं टाकलेली, खाली चालताना पापड मोडल्यासारखा आवाज. त्यात मधेच पळस. सर प्रत्येक झाडाची ओळख करून देत होते, आपल्याकडे लग्नात नवऱ्या मुलीला नातेवाईक दाखवतात तशी. "हा येन. हा धावडा. ह्या बाई मोहाच्या." मीही प्रत्येकाला मान डोलावली आणि एकही लक्षात ठेवलं नाही.

मोहाखाली बायका फुलं वेचत होत्या. एका ठिकाणी उतरून मी एक फूल तोंडात टाकलं. गोड, पण आधी मनुका, मग काहीतरी शिळं. हे म्हणाले, "कसं आहे?" मी म्हटलं, "तुम्हीच खाऊन बघा ना." बोलले आणि जीभ चावली. ह्यांनी एक उचललं, चावलं, गिळलं. "छान," म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. मला माझाच राग आला. पुढचे कितीतरी मैल मी गप्प होते, आणि मी गप्प असणं ही आमच्या घरात काळजीची बाब समजतात.

पुढं लोहखनिजाच्या ट्रकांची रांग लागली, संपता संपेना. धूळ अशी की माझी पांढरी साडी अहेरीला पोचेपर्यंत भगवी झाली. गाडीतून उतरले तर चहावाल्यानं मला माताजी म्हटलं.

अहेरीचा बाजार

अहेरीला आठवडी बाजार होता. कानावर तेलुगू, मराठी, गोंडी सगळं एकदम पडत होतं. वाळलेली मासळी, बांबूची सुपं, चारोळी, तेंदूची टेंभरं, आणि मोबाईलची कव्हरं. आमच्याकडे बाजारात बायका ओरडून माल विकतात. इथल्या बायका ढिगामागं शांत बसलेल्या. घ्यायचं तर घ्या. मला ते फार आवडलं, पण भाव करायची मजा गेली.

जडीबुटीचं एक मोठं दुकान मांडलेलं होतं, दुकानदार बाहेरगावचा. "काका, माल एक नंबर! निमावरची!" गुळवेलीच्या वाळलेल्या चकत्या पोतंभर. रामटेके सर गाडी सावलीत लावायला गेले होते. ह्यांनी चष्मा वर केला. एक चकती घेतली, उन्हात धरली. चाकाची नक्षी होती. सालीचा पापुद्रा होता. मग तोंडात टाकली आणि डोळे मिटून चावत राहिले. भोवती चार-सहा माणसं जमली, कारण असा चष्मेवाला म्हातारा भर बाजारात डोळे मिटून चावतोय म्हटल्यावर जमणारच. मी मनात म्हणत होते, थुंका, नको म्हणा, काहीतरी निमित्त काढा.

"उत्तम," हे म्हणाले. "पोतं बांधा."

मी मागनं एक चकती उचलून तोंडात टाकली. चावली. काही नाही. ओली सुतळी चघळल्यासारखं. मग समजलं. गुळवेल ठेचून पाण्यात भिजवतात, पिळतात, तळाशी पांढरं सत्त्व बसतं, ते महाग विकतात. उरतो तो चोथा. ह्या दुकानदारानं न ठेचता अख्ख्या चकत्याच भिजवून त्यांतलं सगळं आधी उतरवून घेतलं होतं आणि मग त्या वाळवल्या होत्या. वेल खरी, नक्षी खरी, साल खरी. फक्त आत काही नाही. डोळ्याला ते कळणार नाही, जिभेलाच कळणार.

"नको," मी म्हटलं.

"का?"

"मला हा माणूस पसंत नाही."

"अगं, आपण माल बघतोय, जावई नाही," हे म्हणाले. लोक हसले. दुकानदारही हसला आणि सुतळीला गाठ मारायला लागला. आता काय करू? पोतं सांडावं तर ते माझ्या कमरेइतकं. मला दुसरं काही सुचेना. मी कपाळाला हात लावून शेजारच्या पोत्यावर बसले. "मला चक्कर येतेय." चक्कर नव्हती, पण रडू खरं आलं. चार वर्षं कुणाला न कळता चालवलं आणि आता अहेरीच्या बाजारात, मासळीच्या वासात, सगळं हातातून जाणार असं वाटलं. हे माझ्यासमोर उभे राहून माझ्याकडं बघत राहिले.

रामटेके सर पाण्याची बाटली घेऊन आले. मला पाणी दिलं, मग सहज उचलावी तशी एक चकती उचलून तोंडात टाकली. चावली. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा ह्यांच्याकडं. मग चकती हळूच हातात काढून खिशात टाकली.

"सर," ह्यांना म्हणाले, "इतक्या लांबून आले आन् वारलेला माल कायले घेता? जित्ती वेल पाहू ना. चला." एवढंच. त्या क्षणी मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं, पण त्यांच्याकडं ती पद्धत नाही.

चिन्नाबाईंचं अंगण

अहेरीच्या पुढं जंगलात एक लहान गाव आहे. रामटेके सर कॉलेजच्या पोरांना तिथं झाडं दाखवायला न्यायचे, तेव्हापासूनची त्यांची ओळख म्हणजे चिन्नाबाई मडावी. वय माझ्याएवढं, आवाज माझ्यापेक्षा मोठा. गावात कुणाला काही झालं तर आधी त्यांच्याकडं येतात.

"जोहार, बाई," सर म्हणाले.

"जोहार. लय दिवसानं रस्ता सापडला का, मास्तर?" त्या अंगणात मोहाची फुलं पसरत होत्या. हातातलं काम थांबवलं नाही.

अंगणाच्या कडेला जुना कडुनिंब होता आणि त्यावर गुळवेल. मी इतकी वर्षं गुळवेल बघत आले, पण अशी नाही. खाली मांडीएवढी जाड, वर शेंड्यापर्यंत गेलेली, आणि वरून सुतळीसारखी मुळं खाली लोंबत होती. पानं गळलेली. ह्यांनी चपला काढल्या आणि नुसतं बघत उभे राहिले.

"किती पाह्यजे?" चिन्नाबाईंनी विचारलं.

"एक पोतं मिळालं तर बरं," हे म्हणाले.

"पोतं बाजारात भेटते. इथी माणसापुरतं भेटते." त्यांनी रीत सांगितली. आज सांजेला वेलीसमोर तांदूळ ठेवायचे. कुणासाठी न्यायचं त्याचं नाव सांगायचं, काय होतं ते सांगायचं, उद्या येतो म्हणायचं. उद्या सूर्य निघायच्या आधी यायचं आणि त्या माणसाला लागेल तेवढंच कापायचं. "नाव सांगल्याबिगर हात नाई लावाचा. आमीबी नाई लावत."

आमच्याकडे औषधावर नाव असतं ते कंपनीचं. पेशंटचं नाव बिलावर.

"माझ्या सगळ्या पेशंटांसाठी हवी," हे म्हणाले.

"सगळे म्हंजे कोन? सगळ्याइले एकच बिमारी हाय का?"

"नाही, तसं नाही. बरं, सुमन पाटील म्हणून आहेत. जुना ताप."

"ते बाई आता तापून राह्यली का?"

"आता नाही. गेल्या पावसाळ्यात."

"मंग आता तिले काऊन?" चिन्नाबाईंनी फुलं पसरायचं पहिल्यांदाच थांबवलं. "भाऊ, बिमार कोन हाय?"

रामटेके सर हात मागं बांधून उभे होते. "मी हे काई मानत नाई," ते ह्यांना हळू आवाजात म्हणाले. "पन झाड बाईचं हाय, कायदाबी बाईचाच."

मी पुढं झाले. "माझं नाव सांगा. गुडघे दुखतात."

हे माझ्याकडं वळले. "तुझे गुडघे ठणठणीत आहेत," म्हणाले. मग चिन्नाबाईंच्या सुपातले चिमूटभर तांदूळ घेतले आणि कडुनिंबासमोर जाऊन उभे राहिले. ऊन उतरलं होतं. लग्नात सप्तपदीला उभे होते तेवढे ताठ.

"मी श्रीधर. राहणार कराड. वैद्य आहे."

"काय होते?" चिन्नाबाईंनी मागून विचारलं.

"चव लागत नाही."

"कवापासून?"

"साथीच्या तापापासून. कशाचीच नाही. माझं औषध मला चाखता येत नाही. माझ्यामागं ही चाखते. तिला वाटतं मला माहीत नाही."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. मला काय वाटलं ते सांगते. आधी एवढा राग आला की ते तांदळाचं सूप उचलून ह्यांच्या डोक्यात घालावंसं वाटलं. चार वर्षं! मी मनगटांना तेल लावून घेत होते आणि ह्यांना सगळं ठाऊक होतं! आणि त्या रागाच्या खाली इतकं बरं वाटत होतं की मला मेलीला ते लपवता येईना. पदर तोंडाशी धरला.

चिन्नाबाईंना कशाचंच नवल वाटलं नाही. "बरं," म्हणाल्या. वेलीला हात लावून गोंडीत काहीतरी पुटपुटल्या. मी सरांना विचारलं काय म्हणाल्या. "उद्या येतो म्हनून सांगतलं. येवढंच."

रात्रीचं जेवण तिथंच झालं. भात, अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी. मी ह्यांच्याशी बोलले नाही. अंगणात खाटा टाकल्या होत्या. पलीकडच्या खाटेवरून हे म्हणाले, "झोपलीस?"

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिलं पातेलं सांडलंस तेव्हापासून. तुझ्या हातून कधी काही सांडत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तू होतीस मागं, म्हणून मी पुढं वैद्य म्हणून उभा राहत होतो. बोललो असतो तर नुसता म्हातारा उरलो असतो. आज बाजारात तू त्या पोत्यावर बसलीस, तेव्हा तुझं तोंड बघितलं. म्हटलं, आता पुरे. हिला किती नाचवायचं?"

मला रडायचं होतं आणि खाट कुरकुरत होती.

सकाळ

उजाडायच्या आधी चिन्नाबाईंनी उठवलं. विळ्यानं वेलीचा तुकडा कापला, वीतभर. वरच्या भागाला धक्का लागू दिला नाही, ऊन नव्हतं तरी आपली सावली वेलीवर पडू नये म्हणून बाजूला सरून उभ्या राहिल्या. "एका मानसाले येवढं पुरते." इतके मैल येऊन वीतभर. पोत्याचं रामटेके सर पुढं बाजारातल्या ओळखीच्या बायांकडून बघून पाठवतील असं ठरलं. आधी स्वतः चावून बघीन, असं त्यांनी आपण होऊन सांगितलं.

ह्यांनी तो तुकडा हातात घेतला. नखानं साल सोलली, एक कांडं मोडलं, चाकाची नक्षी बघितली. सवयीनं तोंडाकडं नेलं. मग थांबले आणि ते माझ्यापुढं धरलं.

"चाख."

"इथं? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. परत गेल्यावर दवाखान्यातही तिथंच बसायचं, माझ्या शेजारी. पेशंटांसमोर चाखायचं."

मी तोंडात टाकलं. चावलं. ब्रह्मांड आठवलं.

"कशी आहे?"

"कडू."

"कडू असते ते मलाही माहीत आहे. कशी कडू?"

चार वर्षं मी चाखत होते, पण हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी पुन्हा चावलं. "आधी काहीच नाही," म्हटलं. "नुसतं पाणी, जरा चिकट. मग जिभेच्या मागं सुरू होतं, दोन्ही कडांनी. कारल्यासारखं नाही, कारलं लगेच अंगावर येतं. ही हळूहळू चढते. टाळूला लागते. घशात उतरते आणि तिथं राहते."

हे डोळे मिटून ऐकत होते, नाडी बघताना मिटतात तसे. ओठ किंचित हलत होते. रामटेके सर उगाच कडुनिंबाच्या शेंड्याकडं बघायला लागले. चिन्नाबाई विळा पुसत होत्या.

"मग?"

"मग तोंडाला पाणी सुटतं. आणि आता, आता थोडं गोड लागतंय. अगदी शेवटी. पुसट."

"हो," हे म्हणाले. मिटल्या डोळ्यांतनं पाणी आलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही. "शेवटी गोड लागते. मी विसरत चाललो होतो. अजून सांग."

मी दुसरं कांडं मोडलं आणि सांगत राहिले.